वाजलेले दोन भोंगे

१

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हेरन नदीतला बर्फ सेलमर गावच्या पुलाखाली अडकला आणि दहा मिनिटांत पाणी साडेचार फूट चढलं. नदीकाठी पूर-निरीक्षण कार्यालयाची सात स्टेशनं आहेत. पाणी असं चढलं की प्रत्येकाचा भोंगा आपोआप वाजायला हवा. त्या सकाळी दोनच वाजले. सेलमरचा वाजला नाही. व्हर्न हॅलस्टन, वय एकाहत्तर, रोजच्यासारखा खालच्या रस्त्याने कॉफी प्यायला निघाला होता. त्याचा पिकअप दुपारी सापडला. व्हर्न आतच होता.

बुधवारी सकाळी इर्या केट्टुनेन आपल्या तळ्याकाठच्या घरात वेलचीचा पुल्ला, म्हणजे गोड पाव, भट्टीतून काढत होती, तेव्हा फोन वाजला. इर्या अडुसष्टची. कार्यालयातली सगळी यंत्रं वीस वर्षं तिनेच सांभाळली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. फोनवर पेगी लुंडीन होती, कार्यालयाची संचालक.

"इर्या, होदानला काढतायत," पेगी म्हणाली. "चार वाजता बोर्ड बसतंय. नुसतं काढणार नाहीत, कागद शेरीफकडे जाणार. निष्काळजीपणाने माणूस मेला, असा."

"होदान म्हणजे माझ्या जागेवर आलेली मुलगी?"

"तीच. होदान वार्सामे. पुरावा चोख आहे, तिचं नावच आहे त्यावर. तरी माझं मन मला खातंय. तू एकदा येऊन बघ."

"पुरावा चोख आहे तर मन कशाला खातं?"

"कारण दोन भोंगे वाजले, इर्या. का वाजले, ते कुणालाच सांगता येत नाही."

इर्याने पुल्ला फडक्यात गुंडाळला आणि गाडीची किल्ली घेतली. सव्वादहा वाजले होते.

२

पेगीच्या खोलीत टेबलावर एकच कागद होता. सेलमर स्टेशनच्या यंत्रातून काढलेल्या एका पॅकेजची माहिती त्यावर छापली होती.

पॅकेज म्हणजे काय ते इथे एकदाच सांगतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. 'गेजरीड' नावाची, पायथन या संगणक-भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, आहे. नदीतल्या गेजकडून, म्हणजे पाणी मोजणाऱ्या यंत्राकडून, आलेले आकडे ती पाण्याच्या उंचीत बदलते. जगात कुणालाही फुकट मिळते. पण त्या जगाच्या गेजरीडला एक खोड आहे. पाणी एकदम उसळलेलं दिसलं की तिला वाटतं गेज बिघडला, आणि तो आकडा ती फेकून देते. बर्फाची नदी तर उसळतेच. म्हणून या कार्यालयाने आपली घरची गेजरीड केली, उसळी न फेकणारी. ती स्टेशनांवर पाठवायची तर तिचं पॅकेज बांधावं लागतं, आणि पॅकेजला नाव द्यावं लागतं. इर्याच्या काळापासून नियम एकच: घरच्या प्रत्येक पॅकेजच्या नावापुढे घराचं नाव लागलंच पाहिजे. पूर्वी ते 'यार्वी' होतं, इर्याच्या आजोळच्या भाषेत तळं. तीन वर्षांपूर्वी होदानने बदलून 'हेरन' केलं.

"हे बघ," पेगी म्हणाली. "सोमवारी संध्याकाळी पाच बावन्नला कुणीतरी आपली गेजरीड बांधली आणि तिला घराचं नाव लावलंच नाही. जगाच्या गेजरीडचं जे नाव, तेच दिलं. पहाटे चार वाजता स्टेशनं आपोआप ताजी होतात, तुला माहीतच आहे."

"यंत्राने नाव बघितलं," इर्या म्हणाली. "त्याच नावाची जगाची गेजरीड जास्त नवी दिसली. आपली काढली, ती बसवली. सहा दहाला पाणी उसळलं, आणि तिने आकडा फेकून दिला."

"एकदा नाही. पाच स्टेशनांवर."

"आणि बांधणाराच्या जागी नाव कुणाचं?"

पेगीने कागद पुढे सरकवला. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: होदान वार्सामे.

"हे कुणाच्या लक्षात आलं, आणि कधी?"

"कोरीच्या, बाहेरच्या कंपनीचा प्रोग्रॅम विकायला आलाय तो. काल सकाळी अकराला. सेलमरला जाऊन यंत्राच्या साठ्यात उरलेली या पॅकेजची प्रत त्यानेच काढून आणली."

इर्याने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. पेगीने दिलेली, पॅकेजची प्रत असलेली चकतीही आत टाकली. तिला आधी माणसं बघायची होती.

३

होदान कार्यालयामागच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसली होती. सत्तावीस वर्षांची, डोक्याला राखाडी हिजाब, डोळे रडून सुजलेले. तिचा फोन कानाला होता. "हो एड्डो. नाही एड्डो, आज येईन वेळेवर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. "माझी आत्या. तिला अजून सांगितलं नाही."

इर्याने पुल्ल्याचं फडकं उघडलं. होदान ओशाळून हसली. "रमजान आहे. सूर्य बुडेपर्यंत नाही."

"मग तुझा तुकडा सूर्य बुडेपर्यंत ठेवते," इर्या म्हणाली. "बांधलंस का ते पॅकेज?"

"नाही."

"नाव तुझं आहे."

"मला ठाऊक आहे. पॅकेजं बांधायचं यंत्र एकच आहे, मिसेस केट्टुनेन. मी मांडलं, म्हणून त्यात खातं माझ्याच नावाचं. सगळे त्याच खात्यातून आत जातात. पासवर्ड यंत्रावर चिकटवलाय. मी शंभरदा म्हणाले वेगळी खाती करू. फील्डवाल्या लोकांना दोन पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणे."

"सोमवारी पाच बावन्नला कुठे होतीस?"

"घरी. पण त्याचा काय उपयोग? घरूनही त्या यंत्रात शिरता येतं. बोर्डाने कालच मला तोंडावर सांगितलं."

"घराचं नाव काढून पॅकेज बांध, असं तुला कुणी म्हणालं होतं?"

होदान कडवट हसली. "कोण नव्हतं म्हणालं? कोरीचा तो बर्फ वितळण्याचा अंदाज सांगणारा प्रोग्रॅम सोमवारी स्टेशनांवर चढवायचा होता. त्याला गेजरीड लागते, आणि तो जगाच्या नावानेच मागतो. आपली 'हेरन' लावलेली त्याला ओळखूच येईना. कोरी म्हणाला, नाव बदल, दोन मिनिटांचं काम. पेगी म्हणाली, बघ काही होतं का. फील्डचा आर्लेन म्हणाला, बर्फ तुझी वाट बघणार नाही. मी म्हणाले, गुरुवारपर्यंत थांबा. नाव तसंच ठेवून आपल्या पॅकेजमध्ये 'मी त्या नावालाही ओ देतो' एवढंच लिहिता येतं, पण आधी तपासून बघायला हवं. मग मी घरी गेले." तिने हाताची नखं दुसऱ्या हातात गच्च दाबली. "मी घरी गेले नसते तर तो माणूस जगला असता का?"

खोटं समाधान देण्याचा इर्याचा स्वभाव नव्हता. तिने विचारलं, "तू बांधलेल्या बाकीच्या पॅकेजांवर बांधणारा म्हणून कोण असतं?"

"कार्यालय. का?"

इर्या उठलीच.

४

यंत्रावरच्या भांडारात होदानने तीन वर्षांत बांधलेली एक्केचाळीस पॅकेजं होती. इर्याने उभ्याउभ्याच एकेक उघडून बघितलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीसांवर बांधणारा म्हणून 'हेरन नदी कार्यालय' असंच होतं. होदानने बांधायची कृती एका फाइलीत लिहून ठेवली होती, आणि त्या कृतीतच कार्यालयाचं नाव पक्कं होतं. तिची कृती वापरली की तिचं नाव येणं शक्यच नव्हतं. कृती वापरली नाही तर यंत्र आपल्या मनाने खात्याचं नाव टाकतं, आणि खातं होदानचं.

म्हणजे जे नाव बघून सगळे पोरीवर तुटून पडले होते, तेच नाव सांगत होतं की हात तिचा नव्हता. अर्थात बोर्डाला हे पटलं नसतं. घाईत कृती बाजूला ठेवून तिनेच हाताने बांधलं, असं ते म्हणाले असते. इर्या वैतागून स्वतःशी "उफ्फ दा" म्हणाली आणि कोरीला शोधायला गेली.

कोरी व्हँडरस्लूट पार्किंगमध्ये आपल्या गाडीला टेकून थंडगार सँडविच खात होता. चाळिशीचा, दात फार पांढरे. बाहेरच्या कंपनीकडून प्रोग्रॅम विकायला आलेला माणूस.

"मंगळवारी दहाला तुझं बोर्डापुढे प्रात्यक्षिक होतं ना?" इर्याने विचारलं.

"होतं. रद्द झालं. नदीनेच प्रात्यक्षिक केलं." आपलाच विनोद त्याला आवडला नाही. त्याने सँडविच खाली ठेवलं. "मला ठाऊक आहे तुम्ही कुठे चाललाय. प्रोग्रॅम सोमवारी चालायला हवा होता मला. होदानच्या टेबलाशी साडेपाचपर्यंत मीच बसलो होतो. पासवर्ड तर बाळालाही वाचता येईल असा चिकटवलाय."

"मग?"

"मग काय? बाई, मला पॅकेज बांधता आलं असतं तर मी विकत फिरलो असतो का? सहा वाजता स्टेशनांवर प्रोग्रॅम चालू झालेला दिसला, मला वाटलं होदानला दया आली. मी तिला आभाराचा मेसेजही टाकला."

"तिने काय उत्तर दिलं?"

कोरीने फोन काढून दाखवला. सोमवारी सहा वाजून चार मिनिटांनी होदानने लिहिलं होतं: कसले आभार?

इर्याने तो मेसेज दोनदा वाचला. "हे बोर्डाला का नाही दाखवलंस?"

"मला वाटलं, करून सवरून साळसूदपणाचा आव आणतेय." तो खाली बघत म्हणाला. "कोणी दोषी निघालं नसतं तर बोट माझ्या प्रोग्रॅमकडे वळलं असतं. नाही दाखवलं. चुकलं माझं."

"सातही स्टेशनांवर चालू झाला होता प्रोग्रॅम?"

"पाच. वरची दोन नवी आहेत ना, बर्चहोम आणि डोव्हर क्रीक, तिथे नाही चालला. पॅकेज तिथे बसलंच नाही."

इर्या हातातली किल्ली फिरवता फिरवता थांबली. भोंगे वाजले होते ते त्याच दोन स्टेशनांचे.

५

आर्लेन स्कोगस्टाड फील्डचा प्रमुख. एकोणपन्नासचा, रुंद खांद्यांचा, हात कायम गेजच्या ग्रीसने काळे. सव्वीस वर्षांचा असताना इर्याने त्याला दारातून आत घेतला होता आणि कीबोर्ड कुठल्या बाजूने धरायचा इथपासून शिकवलं होतं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. आर्लेन होता.

"आलात तुम्ही," तो म्हणाला आणि तिला मिठी मारली. त्याच्या टेबलामागे भिंतीवर चौकट होती, तिच्यात एक निळं कार्ड. पुल्ल्याच्या कृतीचं कार्ड असतं तसलं, स्वयंपाकघरातलं. निवृत्तीच्या दिवशी इर्याने त्यावर पॅकेज बांधायची आपली कृती हाताने लिहून त्याला दिली होती. कार्यालयात सगळे हसले होते, आर्लेन रडला होता.

"अजून आहे हे?" ती म्हणाली.

"असणारच. तुमचं अक्षर आहे."

"वापरतोस कधी?"

"छे. तीन वर्षांत एक पॅकेज बांधलं नाही मी. ते खातं होदानचं." त्याने मान हलवली. "पोरगी हुशार आहे हो. पण घाई करते. मला वाईट वाटतं तिचं."

इर्याला खरंच बरं वाटलं. आपण शिकवलेला माणूस दुसऱ्याचं वाईट वाटून घेतोय, एवढंच तिच्या मनात आलं. "आणि काल तू सगळं सावरलंस म्हणे."

"सात वीसला. भोंगा वाजला नाही म्हणून कळलं, तसा धावत आलो. पाचही स्टेशनांवर 'हेरन'चं पॅकेज परत बसवलं. पुढची उसळी आठला आली, तेव्हा सगळे वाजले."

"बरं केलंस," इर्या म्हणाली आणि निघाली. दारापर्यंत पोचल्यावर तिला एक गोष्ट खटकली. तिने मागे वळून बघितलं नाही. नाव चुकलंय हे कोरीला कळलं अकरा वाजता. आर्लेनने औषध दिलं सात वीसला. आणि दिलं तेही नेमक्या पाच स्टेशनांना, सातांना नाही.

रोग कळायच्या आधी औषध कोण देतो? ज्याला रोग कुठून आला ते ठाऊक असतं तो. इर्याला वाटलं आपण म्हातारपणी साप समजून दोरी बडवतोय. तसंच असावं, अशी तिने मनोमन प्रार्थनाही केली. मग ती जुन्या टेबलाशी बसली आणि पर्समधली चकती काढली.

६

अडीच वाजले होते. इर्याने सेलमरचं पॅकेज उघडलं, आतपर्यंत.

प्रत्येक पॅकेजच्या पोटात एक यादी असते: मला चालायला आणखी कोणकोण लागतं. बांधताना घराचं नाव एकदाच सांगायचं, यंत्र ते पॅकेजलाही लावतं आणि यादीतल्या सगळ्यांनाही. 'हेरन' सांगितलं की यादीतही 'हेरन'. पण शेवटी कुणी हाताने वरचं नाव बदललं, तर वरचंच बदलतं. यादीला कोणी विचारत नाही. लग्नात मुलीचं नाव बदललं तरी तिचे मामा-काका बदलत नाहीत, तसंच ते.

बाहेर नाव जगाचं होतं. इर्याने यादी उघडली. चार ओळी होत्या आणि चारही ओळी एकाच शब्दाने सुरू होत होत्या.

यार्वी. यार्वी. यार्वी. यार्वी.

तीन वर्षांपूर्वी पुसून टाकलेलं, तिनेच ठेवलेलं नाव. होदानच्या कृतीत ते नव्हतं, बांधायच्या यंत्रात नव्हतं, कोरीने ते कधी ऐकलंही नव्हतं. ते लावायची रीत साऱ्या जगात एका निळ्या कार्डावरच होती.

आणि दोन भोंग्यांचं कोडंही तिथेच सुटलं. पाच जुन्या स्टेशनांवर इर्याच्या काळातली 'यार्वी'ची मंडळी अजून पडून होती, कुणी झाडून काढलीच नव्हती. नवं पॅकेज गेलं, त्याला आपली माणसं घरात दिसली, ते निवांत बसलं. बर्चहोम आणि डोव्हर क्रीक मागच्या शरदात उभारलेली. तिथे 'यार्वी'चं कोणीच नव्हतं. यंत्र म्हणालं, याला लागतात ते लोक माझ्याकडे नाहीत, आणि पॅकेज दारातूनच परत पाठवलं. म्हणून तिथे जुनी, घरची, खरी गेजरीड राहिली. ती वाजली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. इर्याला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कोणावर आला हे तिला नीट सांगता आलं नसतं. साडेतीन वाजता ती उठली.

७

आर्लेन पार्किंगमध्ये आपल्या ट्रकपाशी उभा होता. तिचा चेहरा बघून त्याने ट्रकचं उघडलेलं दार परत लावलं.

"तू वरचं नाव बदललंस," इर्या म्हणाली. "यादी बदलायची राहिली. चारही यार्वी."

तो बर्फाच्या चिखलाकडे बघत राहिला. "दोन मिनिटांचं काम होतं. तिच्या कृतीत हात घालायला मला येत नाही. तुमची येते. बर्फ निघाला होता, अंदाज हवाच होता. मी म्हटलं, गुरुवारी ती नीट करेलच, तोवर चालेल."

"पहाटे चारचं विसरलास."

"विसरलो. सात वाजता आठवलं. बसवलं परत, कुणाला सांगायला निघालोच होतो. अकराला पेगीने होदानचं नाव वाचून दाखवलं आणि मी गप्प बसलो. एक मिनिटच, इर्या. मग दुसरं मिनिट आलं. मग बोलणं फार अवघड झालं."

"चूक केलीस म्हणून मी तुला शिव्या दिल्या असत्या आणि घरी जेवायला नेलं असतं," ती म्हणाली. "पण तू ती त्या पोरीच्या गळ्यात अडकू दिलीस. आज दुपारी माझ्या तोंडावर म्हणालास, घाई करते. चार वाजता तू बोलशील की मी बोलू?"

"मी बोलतो," आर्लेन म्हणाला.

चार वाजता बोर्डाचे तिघे लांब टेबलाशी बसले. पेगीने ठराव वाचला. होदान मांडीवर हात ठेवून भिंतीकडे बघत होती. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

इर्याने आर्लेनकडे बघितलं. तो जागचा हलला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा फिरला. अध्यक्षांनी पेन उचललं.

"मला म्हणायचंय," इर्या म्हणाली आणि उभी राहिली. तिने पॅकेजची यादी टेबलावर ठेवली. एक्केचाळीस पॅकेजांवर होदानचं नाव का नाही, एकावरच का आहे, ते सांगितलं. दोन भोंगे का वाजले ते सांगितलं. कोरीने उठून आपला मेसेज दाखवला. मग ती म्हणाली, "हे यार्वी नाव मी ठेवलेलं. ते लावायची जुनी रीत दोनच माणसांना येते. एक मी."

"आणि दुसरं?" अध्यक्षांनी विचारलं.

इर्याला नाव घ्यायचं होतं. सव्वीस वर्षांचा, काळ्या हातांचा पोरगा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. होदानने पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"आर्लेन स्कोगस्टाड," इर्या म्हणाली.

खुर्ची सरकली. आर्लेन उठला, जाकिटाच्या आतून ते निळं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. चौकटीतून काढून तो ते बरोबर घेऊनच आला होता. "कृतीत चूक नाही," तो म्हणाला. "शेवटी वरचं नाव बदललं, ती ओळ माझी. व्हर्नच्या घरी मी जाईन. शेरीफकडेही मीच जातो." मग तो होदानकडे वळला. तिच्यापुढे त्याने मान खाली घातली.

अध्यक्षांनी ठरावाचा कागद घडी करून बाजूला ठेवला. इर्याने कार्ड उचललं. तिचंच अक्षर: दुसरी ओळ, नावापुढे नेहमी घराचं नाव लावणे. बस, एवढंच. का लावायचं, ते तिने लिहिलंच नव्हतं. तिला वाटलं होतं आर्लेनला ठाऊक आहे.

"माझीही चूक आहे यात," ती म्हणाली. "लिहून घ्या."

बोर्डाच्या बाईने लिहून घेतलं.

८

सगळे गेल्यावर होदान यंत्राशी बसली आणि पाच स्टेशनांवरची 'यार्वी'ची यादी तिने पडद्यावर आणली. सव्वीस नावं होती. इर्याच्या वीस वर्षांपैकी एवढीच उरली होती.

"ही काढायला मी दोन वर्षं मागे लागले होते," होदान म्हणाली. "आर्लेन म्हणायचा, चालतंय ना, हात लावू नका. मला वाटतं तुमची म्हणून त्याला काढवेनात." ती घुटमळली. "तुम्ही बाहेर थांबता का?"

"सरक," इर्या म्हणाली. यंत्राने विचारलं, नक्की काढू? तिने हो दाबलं. सव्वीस ओळी एकेक करून गेल्या, ती शेवटपर्यंत बघत बसली.

मग होदानने आपल्या कृतीची फाइल उघडली. घराचं नाव लावण्याच्या ओळीखाली तिने एक नवी ओळ घातली, 'कारण' एवढं लिहिलं आणि कीबोर्ड इर्याकडे सरकवला. इर्याने बोटं ठेवली आणि सावकाश टाइप केलं: व्हर्न हॅलस्टन, सेलमर. घराचं नाव नव्हतं म्हणून पहाटे चारला पॅकेज बदललं, सहा दहाला भोंगा वाजला नाही.

होदानने ते वाचलं आणि जतन केलं. खिडकीबाहेर नदीवरचा उजेड मावळला होता. तिने फोनवर वेळ बघितली, फडकं सोडलं, पुल्ल्याच्या तुकड्याचे दोन भाग केले आणि मोठा भाग इर्यापुढे धरला.

"घ्या एड्डो," ती म्हणाली. "तुम्हीही सकाळपासून काही खाल्लं नाही."